ज्या लिव्हिंगस्टनला नाशिकच्या पोरांनी समुद्रापर्यंत वाहून आणलं, त्याचं स्वप्न मगरींच्या एका घळईत अडकलं होतं

लातूर जिल्ह्यातून वाहणारी मांजरा पुढे बिदरमार्गे तेलंगणात शिरते. तिथे संगारेड्डीजवळ तिच्या पाण्यात मगरी आहेत, त्यांच्यासाठी राखलेलं अभयारण्यही आहे. मग ती उत्तरेला वळते आणि नांदेड जिल्ह्याच्या हद्दीवर गोदावरीला मिळते. म्हणजे गोड्या पाण्यातली मगर मराठवाड्याच्या माणसाला अगदीच परकी नाही.

पण आता नदीच्या दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत असं समजा. पाणी कुठे खडकांवर आपटून फेसाळतंय, तर कुठे डोहात एकदम शांत झालंय. शांत डोहात मगरी आहेत आणि फेसाळत्या पाण्यात होडी टिकत नाही. जायचं तर थोडं चालत, थोडं वल्हं मारत.

आफ्रिकेतल्या झांबेझी नदीवर अशी एक घळई आहे. तिचं नाव काहोरा बासा, जुन्या पुस्तकांत केब्राबासा. या घळईने जगातल्या एका अतिशय गाजलेल्या माणसाचा हिशोब चुकवला. तो माणूस म्हणजे डेव्हिड लिव्हिंगस्टन.

आपल्याला तो शाळेच्या पुस्तकातला माहीत आहे. आफ्रिका पालथी घालणारा, व्हिक्टोरिया धबधब्याला हे नाव देणारा, हरवलेला आणि मग सापडलेला. पण त्याच्या गोष्टीत महाराष्ट्र दोनदा येतो. एकदा मुंबई, आणि एकदा गोदाकाठचं नाशिक. हा भाग फारसा सांगितला जात नाही.

गिरणीतलं पोर

लिव्हिंगस्टनचा जन्म १९ मार्च १८१३ चा. गाव स्कॉटलंडमधलं ब्लॅन्टायर. कापड गिरणीच्या कामगारांसाठी बांधलेल्या चाळीत एका खोलीत हे अख्खं कुटुंब राहायचं. दहाव्या वर्षी डेव्हिड गिरणीत कामाला लागला. काम काय, तर सूतकताईच्या यंत्रावर तुटलेले धागे जोडायचे. सकाळी सहा ते रात्री आठ.

ज्यांनी नांदेडच्या उस्मानशाही मिलचा जमाना पाहिलाय किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलाय, त्यांना गिरणी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की इथे कामाला दहा वर्षांचं पोर होतं.

पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्याने लॅटिन व्याकरणाचं पुस्तक घेतलं. यंत्रावर पुस्तक उघडं ठेवायचं, येता-जाता एकेक ओळ वाचायची. रात्री गिरणीच्या शाळेत बसायचं. असं करत तो १८३६ मध्ये ग्लासगोला वैद्यकीय शिक्षणाला पोचला. त्याला डॉक्टर आणि मिशनरी म्हणून चीनला जायचं होतं. पण १८३९ मध्ये अफूचं युद्ध पेटलं आणि तो रस्ता बंद झाला. मग लंडन मिशनरी सोसायटीने त्याला दक्षिण आफ्रिकेत पाठवलं. १८४१ मध्ये तो तिथे उतरला.

१८४४ मध्ये एका सिंहाने त्याचा डावा हात चावून मोडला. हाड नीट जुळलं नाही, हात आयुष्यभर अधू राहिला. हा हात लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे. १८४५ मध्ये त्याने मेरी मॉफट हिच्याशी लग्न केलं. तिचे वडील आफ्रिकेतले नावाजलेले मिशनरी.

नदीचा हमरस्ता

त्या काळात आफ्रिकेच्या आतल्या भागात गुलामांचा व्यापार जोरात होता. गावं लुटायची, माणसं साखळीत बांधून किनाऱ्यावर न्यायची आणि विकायची. लिव्हिंगस्टनने हे डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या डोक्यात एक उपाय पक्का बसला. आतल्या लोकांना कापूस आणि इतर माल विकायची सोय झाली तर माणसं विकायची गरज उरणार नाही. त्यासाठी रस्ता हवा, आणि रस्ता म्हणजे नदी.

१८५१ मध्ये त्याने झांबेझी पाहिली. पुढच्या वर्षी बायको-मुलांना ब्रिटनला पाठवलं आणि तो नदीच्या मागे लागला. मकोलोलो लोकांचा राजा सेकेलेटू याने त्याला माणसं, बैल आणि होड्या दिल्या. एवढा मोठा प्रवास तो करू शकला तो या माणसांच्या जोरावर. आधी पश्चिमेला लुआंडापर्यंत, मग परत, आणि मग पूर्वेला. नोव्हेंबर १८५५ मध्ये तो मोसी-ओआ-तुन्या म्हणजे गरजणाऱ्या धुराच्या धबधब्यापाशी पोचला. तिथल्या लोकांना तो पिढ्यानपिढ्या माहीत होता. लिव्हिंगस्टनने त्याला आपल्या राणीचं नाव दिलं.

मगरी या प्रवासात पावलोपावली होत्या. झांबेझीत असते ती नाईल मगर, आपल्या मगरीपेक्षा आकाराने मोठी आणि जास्त आक्रमक. एकदा तर त्याच्या एका सोबत्याची मांडी मगरीने धरली आणि त्याला पाण्याखाली ओढलं. त्या गड्याने भान सोडलं नाही. हातातला छोटा भाला मगरीच्या खांद्यामागे खुपसला. मगरीने मांडी सोडली. दातांच्या खुणा घेऊन तो बाहेर आला.

मे १८५६ मध्ये लिव्हिंगस्टन पूर्व किनाऱ्यावर पोचला. पश्चिम ते पूर्व आफ्रिका पार केल्याची नोंद करणारा तो पहिला युरोपीय ठरला.

पण या प्रवासात एक गोष्ट राहून गेली. टेटे गावाच्या आधी नदी मोठं वळण घेते. तिथे त्याने नदीचा काठ सोडला आणि जवळची वाट म्हणून जमिनीवरून तिरकं चालत टेटे गाठलं. मधला नदीचा तुकडा त्याने पाहिलाच नाही. वर नदी संथ होती, खाली टेट्यालाही नदी संथ होती. मग मध्येही तशीच असणार, फार तर दोन-चार छोटे खळाळ असतील, असं त्याने धरून चाललं.

त्या न पाहिलेल्या तुकड्यातच केब्राबासाची घळई होती.

जिथे काम संपतं

लिव्हिंगस्टन ब्रिटनला परतला तो हिरो होऊनच. १८५७ मध्ये त्याचं प्रवासाचं पुस्तक आलं आणि हातोहात संपलं. झांबेझी हा आफ्रिकेच्या पोटात जाणारा हमरस्ता आहे, हे त्याने देशभर सांगितलं. ब्रिटिश गिरण्यांना अमेरिकेबाहेरचा कापूस हवाच होता. सरकारने ५००० पौंड मंजूर केले. मार्च १८५८ मध्ये मोहीम निघाली. सोबत जॉन कर्क हा डॉक्टर आणि वनस्पतीतज्ज्ञ, थॉमस बेन्स हा चित्रकार, रिचर्ड थॉर्नटन हा भूगर्भशास्त्रज्ञ, आणि लिव्हिंगस्टनचा भाऊ चार्ल्स. 'मा रॉबर्ट' नावाची एक छोटी आगबोटही होती. मेरीला आफ्रिकेत थोरल्या मुलाच्या नावाने रॉबर्टची आई म्हणत, त्यावरून हे नाव. बोट मात्र कुचकामी निघाली. ढीगभर लाकूड जाळायची आणि धापा टाकत चालायची.

नोव्हेंबर १८५८ मध्ये ते घळईच्या तोंडाशी पोचले. नोव्हेंबर म्हणजे तिकडे पावसाच्या आधीची काहिली, आपल्या मराठवाड्यातला मे समजा. बोट पुढे जाईना. मग लिव्हिंगस्टन आणि कर्क मकोलोलो सोबत्यांना घेऊन पायी निघाले.

पायवाट नव्हती. घराएवढे खडक, त्यांच्यावर चढायचं, मधल्या फटींतून उतरायचं. दगड इतके तापले होते की त्यावर हात टेकवत नव्हता. अनवाणी चालणाऱ्या मकोलोलोंच्या तळव्यांना फोड आले. खाली पाहिलं तर टेट्याजवळची ऐसपैस नदी इथे काही ठिकाणी एका अरुंद चिरेत कोंबलेली. पुराच्या खुणा डोक्याच्या कितीतरी वर, कड्यांवर उमटलेल्या. शेवटी मोरुम्ब्वा डोंगराखाली त्यांना धबधब्यासारखा उतार दिसला. कितीही मोठी आगबोट आणली तरी ती इथून वर चढणं शक्य नव्हतं.

तिथल्या नावाड्यांना हे ठाऊक होतंच. काहोरा बासा या नावाचा अर्थ काम संपलं असा सांगतात. होडीचं काम इथे संपतं, पुढे चालायचं. नावातच उत्तर होतं.

लिव्हिंगस्टनने मात्र सरकारला वेगळंच कळवलं. पुराच्या दिवसांत खडक पाण्याखाली जातात, तेव्हा ताकदवान आगबोट असली तर ती घळई पार करेल, असं त्याचं म्हणणं. सोबतच्या लोकांना ते पटलं नव्हतं. पण ज्या नदीच्या भरवशावर एवढी मोहीम उभी केली, ती नदी इथेच तुटते हे मान्य करणं त्याला जड गेलं.

मगर कुठे, खडक कुठे

१८६० मध्ये मकोलोलो सोबत्यांना त्यांच्या मुलखात पोचवायला लिव्हिंगस्टन, चार्ल्स आणि कर्क पुन्हा पश्चिमेला चालत गेले. ऑगस्टमध्ये धबधब्यावर पोचून त्यांनी दोरी सोडून त्याची उंची मोजली. परतताना त्यांनी होड्या घेतल्या. आणि नोव्हेंबरमध्ये ते होड्यांतूनच केब्राबासात शिरले.

इथे थोडं थांबून ही घळई कशी चालते ते समजून घेऊ. घळईत पाणी सगळीकडे सारखं नसतं. जिथे पात्र चिंचोळं आणि उतार जास्त, तिथे खळाळ. दोन खळाळांच्या मध्ये डोह. मगर थंड रक्ताची, तिला ऊन खायला कोरडा खडक लागतो आणि शिकारीसाठी शांत पाणी. म्हणून ती डोहात. माणूसही पाणी भरायला, होडी लावायला शांत जागाच शोधतो. रोज एकाच जागी पाण्यावर येणारं सावज मगर हेरून ठेवते. म्हणजे जिथे होडी सुखाने चालते तिथे मगर, आणि जिथे मगर नाही तिथे होडीचा भुगा.

त्यात होड्या कसल्या, तर झाडाचा ओंडका कोरून केलेल्या. काठ पाण्याला टेकलेले, वळवायला अवघड. एका खळाळात भोवऱ्याने ओढून कर्कची होडी खडकावर आपटवली. कर्क खडकाला लटकला म्हणून वाचला. पण होडीतलं सामान गेलं. मोजमापाची उपकरणं गेली, प्रवासाच्या वह्या गेल्या, महिनोन् महिने काढलेली वनस्पतींची चित्रं गेली.

त्यानंतर कुणी होडीत बसायचं नाव काढलं नाही. उरलेली घळई सगळ्यांनी पायीच पार केली. १८५६ मध्ये चालायची राहिलेली वाट अशी चार वर्षांनी चालून झाली.

किंमत कुणी मोजली?

एका न पाहिलेल्या तुकड्याने किती फरक पडावा? त्याच्या शब्दावर विसंबून मकोलोलोंच्या मुलखात गेलेल्या मिशनरी कुटुंबातली माणसं १८६० मध्ये तापाने गेली. शिरे नदीच्या बाजूला आलेल्या दुसऱ्या मिशनचा बिशप १८६२ मध्ये दगावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नवऱ्याला भेटायला आलेली मेरी हिवतापाने वारली. झांबेझीच्या काठी शुपांगा इथे तिची कबर आहे. शिरे खोऱ्यात त्याने जी वाट उघडली, त्याच वाटेने गुलामांचे व्यापारीही घुसले. १८६३ मध्ये सरकारने मोहीम गुंडाळली.

लिव्हिंगस्टनच्या हातात उरली 'लेडी न्यासा' नावाची आगबोट, स्वतःच्या पैशांनी बांधून घेतलेली. ती विकायची होती, पण जवळ विकली तर गुलामांच्या धंद्यात वापरली जाईल ही भीती. मग त्याने ठरवलं, मुंबईला न्यायची.

३० एप्रिल १८६४ ला तो झांझिबारहून निघाला. नदीवरची आगबोट, कोळसा फक्त चौदा टन, समोर अरबी समुद्र आणि मागे लागलेला पावसाळा. सोबत तीन युरोपीय, झांबेझीकाठचे सात गडी ज्यांनी आधी समुद्र पाहिलेला नव्हता, आणि चुमा व वेकातानी नावाची दोन पोरं. कप्तान तो स्वतः. ४५ दिवसांनी, १३ जूनला बोट मुंबईला लागली. दोन्ही पोरांना मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवून तो ब्रिटनला गेला. आजचं विल्सन कॉलेज याच विल्सन यांच्या नावाचं.

पुढच्या वर्षी तो परत आला, नाईलचा उगम शोधायला निघण्याआधी. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यामुळे मुंबईतली कापसाची तेजी तेव्हा कोसळली होती. 'लेडी न्यासा'वर त्याने सुमारे ६००० पौंड घातले होते, हाती आले २३००. ते ज्या बँकेत ठेवले तीही बुडाली.

गोदाकाठची पोरं

आता नाशिक. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं आणि सोडवलेली मुलं मुंबईला उतरवायचं. त्यातली बरीच मुलं नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये यायची. आज ज्याला आपण शरणपूर रोड म्हणतो तोच भाग. जी गोदावरी पुढे नांदेडच्या घाटांना लागते, तिच्याच मुलखात ही आफ्रिकन मुलं वाढली. सुतारकाम, लोहारकाम शिकली, लिहायला-वाचायला शिकली.

१८६५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या मदतीने लिव्हिंगस्टनने यातले नऊ तरुण सोबत घेतले. शिवाय मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई, उंट आणि चक्क म्हशी. आफ्रिकेतली त्सेत्से माशी चावली तर म्हैस टिकते का, हे त्याला पाहायचं होतं. म्हशी टिकल्या नाहीत. शिपाई वाटेतूनच परत गेले. नाशिकच्या नऊ जणांतले काही मेले, काही सोडून गेले. एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत राहिला. मुंबईत शिकलेला चुमाही राहिला.

पुढची सात वर्षं लिव्हिंगस्टन सरोवरं आणि दलदलींमध्ये फिरत राहिला. औषधांची पेटी चोरीला गेली. जगाला वाटलं तो मेला. नोव्हेंबर १८७१ मध्ये पत्रकार हेन्री स्टॅन्लीने त्याला टांगानिका सरोवराकाठी उजिजीत गाठलं. त्याने परत चल म्हणून गळ घातली, पण लिव्हिंगस्टन ऐकला नाही. स्टॅन्लीने मग किनाऱ्यावरून ५७ माणसं पाठवली. त्यात पुन्हा नाशिकचे तरुण होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार आणि इतर.

१ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात, लिव्हिंगस्टन खाटेशेजारी गुडघ्यांवर बसलेल्या अवस्थेत मृत सापडला. नाईलचा उगम त्याला मिळालाच नाही.

आता सोबत्यांपुढे प्रश्न होता. इथेच पुरायचं आणि घरी जायचं, की देह त्याच्या माणसांपर्यंत पोचवायचा? मृतदेह घेऊन परक्या मुलखातून जाणं म्हणजे प्रत्येक गावात संशय आणि भांडण. तरी सुसी, चुमा आणि मंडळींनी न्यायचं ठरवलं. हृदय एका झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. देहाला मीठ लावून दोन आठवडे उन्हात सुकवलं, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात बांधलं, आणि निघाले.

समुद्र हजार मैलांपेक्षा जास्त दूर होता. वाटेत आजाराने साथीदार मेले. एके ठिकाणी भेटलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने देह इथेच पुरा असं सुचवलं. त्यांनी नकार दिला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचले. लंडनमध्ये डॉक्टरांनी देह ओळखला तो सिंहाने मोडलेल्या डाव्या हाताच्या हाडावरून. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं. शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांमध्ये शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइटही होता. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासाला राहिला आणि थेट १९३५ मध्ये वारला.

आणि ती घळई? डिसेंबर १९७४ मध्ये मोझांबिकमधल्या काहोरा बासा धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली. घळईचा मोठा भाग सुमारे २५० किलोमीटर लांबीच्या जलाशयाखाली गेला. लिव्हिंगस्टनला हवं होतं तसं संथ पाणी तिथे आज आहे, मगरीही आहेत. पण समुद्रातून आलेली बोट अजूनही वर जाऊ शकत नाही, कारण आता मध्ये भिंत आहे.

लिव्हिंगस्टनची जिद्द, गुलामीबद्दलची त्याची चीड खरी होती. त्याच्या लिखाणामुळे ब्रिटनमध्ये जनमत पेटलं आणि जून १८७३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर साधारण महिन्याभराने, झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली नाही. पण न चाललेल्या वाटेवर नकाशात ओढलेली रेघ किती महाग पडते, हेही त्याच्याच आयुष्यात दिसतं. नाशिकच्या पोरांकडे नकाशा नव्हता, पैसा नव्हता, कुणाचा हुकूमही नव्हता. त्यांनी सगळी वाट पायांनी मोजली आणि म्हणून ती पूर्ण झाली.